सोमी कायनं मेली?

"तुमच्यात असंच चालते ना? मंग चालू द्या."

अधीक्षक साहेब खुर्चीवर बसल्या-बसल्या बोलला. हातात चहाचा कप. समोर आश्रमशाळेच्या वरांड्यात माही धाकटी बहीण सोमी पडली होती, अंगाखाली गोनपाट. डोळे उघडे, पन ती कोनाले पाहून नव्हती राह्यली. दात कडकड वाजत होते. अन् तिच्या पायथ्याशी माहा बा हात जोडून उभा होता.

बा आमच्या गावचा देवारी, म्हनजे पुजारी. जिवतीच्या डोंगरात आमचं गोंडाईचं गाव. गावच्या पेनाची, देवाची, पूजा बा करे. कोनाचं पोट दुखलं, कोनाले इंचू चावला तं झाडपाला बी तोच दे. शाळेतून त्याले निरोप गेला होता का पोरगी आजारी हाय, येऊन तुमचं काय कराचं ते करा. तो वावरातून तसाच धावत आला, गुडघ्यापर्यंत चिखल. सोमीच्या कपाळाले हात लावला, पोट दाबून पाह्यलं, अन् सरळ साहेबापुढं जाऊन उभा राह्यला.

"साहेब, हा ताप माह्या हातचा नाई जी. गाडी काढा. दवाखान्यात नेलं नाई तं पोरगी जाईन."

आता गाडीचं ऐका. गाडी कुठून मागवाची नव्हती. संस्थेची जीप फाटकापाशी उभीच होती, डायवर काच पुसून राह्यला होता. भर दुपार. जीप राजुऱ्याले निघाली होती, अन् सरकारी दवाखाना राजुऱ्यातच. संस्थेच्या अध्यक्षाच्या पोराचं तिथी साक्षगंध, म्हनजे साखरपुडा, होतं. जीपमधी शाळेची सैपाकाची मोठी गंजं भरली होती, सतरंज्या भरल्या होत्या, अन् समोरच्या सीटवर साहेबाची बायको नवं लुगडं नेसून बसली होती. मागं गंजाच्या अन् सतरंज्याच्या मधात जागा होती. सोमीले मांडीवर घेऊन मी तिथी बसली असती. मी सातवीत होती, एवढं तं मले समजे.

साहेबाची बायको खिडकीतून म्हने, "ते पोरगी ओकन ना जी गाडीत. लुगड्याले वास लागन."

बस. एवढ्यावर ठरलं. त्यावरच साहेबानं चहाचा घोट घेतला अन् म्हटलं, तुमच्यात असंच चालते ना.

बा पुन्हा हात जोडे. साहेब हसून म्हने, "अरे देवारी तू, अन् तूच भेतं? काय लिंबू-बिंबू लागते सांग, आनून देतो." एका मास्तरनं आतून उदबत्ती आनून दिली. दोन मास्तर भिंतीले टेकून मजा पाहून राह्यले होते. जीप सुरू झाली. धुराळा वरांड्यापर्यंत आला, सोमीच्या तोंडावर बसला, मी तो ओढनीनं पुसला.

बा नं मंग पूजा केली. काय करन दुसरं? हात रिकामे ठेवून पोरीपाशी कसा बसन बाप? त्या हसनाऱ्या मानसाईपुढं माहा बा पेनाचं नाव घेत राह्यला अन् त्याच्या डोळ्यातून पानी गळत राह्यलं. आमच्यात पेनापुढं कोनी हसत नाई. त्या दिवशी हसले. तो राग माह्या पोटात अजून हाय, विझला नाई, विझू बी नये.

त्याच साहेबाच्या पोराले दिवाळीच्या आधी ताप भरला होता. डायवर जेवत होता, त्याले ताटावरून उठवलं. पोराले घोंगडीत गुंडाळून त्याच जीपनं चंद्रपूरपर्यंत नेलं, अन् साहेबानं तेव्हा लिंबू नाई मागितलं.

गावातून मानसं आली, खाट आनली. सोमीले खाटेवर टाकून डोंगर उतरले. सडकेवर एक ट्रक भेटला. गडचांदूर दिसाच्या आधी ती गेली. तिचा हात माह्या हातात होता, मले आधी समजलंच नाई.

दुसऱ्या दिवशी साहेबानं सगळ्या पोट्ट्याईले रांगेत उभं करून सांगितलं, "त्यांनी आपली पूजा केली. आपन कोनाच्या चालीरीतीत पडत नाई." झालं. तेच खरं झालं. बाजारात बी लोक तेच बोलत. देवाऱ्याले आपली पोरगी वाचवता आली नाई म्हने. बा नं ते ऐकलं अन् झाडपाला देनं सोडलं. कोनी आलं का तो घराच्या मागच्या दारानं निघून जाये.

हे 'तुमच्यात चालते' आमी लहानपनापासून खाल्लं. थंडीत चादरी मागितल्या तं म्हनत, तुमी तं घरी शेकोटीपाशी झोपता, तुमाले काऊन लागते चादर. चादरी होत्या. कुलपात होत्या. तपासनीले वरचा साहेब आला का बाहेर निघत, तो गेला का पुन्हा कुलपात. दाळीत अळी दिसली तं म्हनत, तुमी जंगलात काय काय खाता, अळीचं काय घेऊन बसली. पायात काटा मोडला, पाय सुजला, तं म्हनत, तुमची कातडी जाड. सारं चाले आमच्यात! आमच्यात काय चाले अन् काय नाई, हे आमाले सोडून साऱ्याईले ठाऊक होतं.

बा नं एक केलं. सोमी गेल्यावर बी त्यानं मले शाळेतून काढलं नाई. माय नको म्हने, रडे. बा म्हने, "ते शिकन. एक तरी तिथी बोलनारी पाहिजे." म्हनून मी शिकली, दहावी-बारावी करून राजुऱ्याच्या कॉलेजात आली. कॉलेज बी त्याच संस्थेचं, अध्यक्ष बी तोच. आमच्याकडे असंच हाय, शाळा त्याची, कॉलेज त्याचं, पेट्रोलपंप बी त्याचाच. जाचं कुठी?

तिथी एक सर भेटले. समाजशास्त्र शिकवत. पुन्याकडचे. वर्गात आले अन् पहिल्याच दिवशी 'जोहार' म्हटलं, आमच्यातला रामराम. मले गावाचं नाव विचारलं, मी सांगितलं, ते हसले नाई. अवो, माह्या उभ्या शिक्षनात माह्या गावाचं नाव ऐकून न हसलेला पहिला मास्तर तो. मी त्याईच्या तासाले सगळ्यात समोर बसे.

ते शिकवत, "नैतिकता समाजागणिक बदलते. सगळ्या जगाला लागू होईल असं चूक-बरोबर कुठंच नसतं. जे स्वतःला वैश्विक म्हणवतं, ते बहुतेक वेळा ताकदवानाचं असतं."

खोटं काऊन बोलू, मले हे लय गोड लागलं. वाटलं, आता कोनी माह्या बा ले अडानी म्हननार नाई. त्याचा पेन बी खरा, त्याचा झाडपाला बी खरा. इतकी वर्सं मान खाली घालून चालली होती, ती मान या मानसानं वर केली असं वाटलं. मी होस्टेलच्या पोरीईले समजावून सांगे, आपन कोनापेक्षा कमी नाई, सर म्हनते.

मंग एक दिवस मी सरले सोमीचं सांगितलं. सारं सांगितलं. जीप, साक्षगंध, लुगडं, उदबत्ती. सरचे डोळे भरून आले. म्हने, "तुझ्या वडिलांना बोलावू या. व्यासपीठावर बसवू. त्यांचं ज्ञान लोकांसमोर यायला हवं." कॉलेजात चर्चासत्र होतं, आदिवासी अन् आरोग्य असा काही विषय. मी धावत गावाले गेली. बा नाई म्हने. "मी कायले बोलू? मी तं सोडलं सारं." मी त्याले भरीस पाडलं. म्हटलं, बा, हा सर आपला हाय.

त्या वर्सी आश्रमशाळेत पुन्हा पोट्ट्या तापानं आजारी पडल्या होत्या. मायबाप फाटकापाशी येऊन बसले होते, शाळेवर एक गाडी कायम उभी ठेवा म्हनत होते. माही मावसबहीण त्याच शाळेत होती, पाचवीत. संस्था गाडी देत नव्हती. हे मले ठाऊक होतं. पन चर्चासत्र अन् त्या गाडीचा काही संबंध हाय, हे माह्या टकुऱ्यात शिरलं नाई.

हॉल भरला होता. समोर अध्यक्ष. बा व्यासपीठावर खुर्चीच्या काठावर बसला होता, पूरा टेकून बसत बी नव्हता. निवेदकानं पुकारलं, आदिवासी वैद्यांचा सत्कार करतील आश्रमशाळेचे मुख्याध्यापक. अन् कोन आला? तोच. अधीक्षकाचा मुख्याध्यापक झाला होता. त्यानं माह्या बा च्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला, फोटोवाल्याकडे तोंड करून हसला. बा नं त्याले ओळखलं. त्यानं नारळ खाली ठेवला. मी बाजूले दुभाषी म्हनून बसली होती, मीच आनलं होतं त्याले तिथी. मले जमीन फाटून आत जावं वाटलं.

मंग सर बोलाले उठले. चांगलं बोलत होते. झाडपाल्याचं बोलले, जंगलाचं बोलले, लोकाईनं टाळ्या वाजवल्या. मंग म्हने, आपण एक उदाहरण घेऊ. अन् सोमीचं नाव घेतलं.

माह्या सोमीचं नाव. मी त्याईले एकट्याले, विश्वासानं सांगितलेलं.

"या मुलीच्या मृत्यूला आपण हलगर्जीपणा म्हणू," सर म्हने, "कारण आपली मोजपट्टी रुग्णालयाची आहे. शाळेनं त्या दिवशी त्यांच्या पद्धतीला जागा दिली. शाळेवर गाडी हवी, डॉक्टर हवा, ही मागणीसुद्धा आपण आपल्या चष्म्यातून करतो. कोण चूक, कोण बरोबर, हा प्रश्नच इथं गैरलागू आहे."

अध्यक्षानं सगळ्यात आधी टाळी वाजवली. मुख्याध्यापकानं त्याच्या मागून.

जीप नाई, लुगडं नाई, 'ओकन ना जी' नाई. सारं पुसून टाकलं अन् त्याले 'जागा दिली' म्हटलं. वरांड्यात साहेब चहा पिता पिता जे बोलला, तेच होतं हे. फक्त मराठी पुस्तकातली होती.

बा ले ही मराठी समजत नव्हती. त्यानं मले गोंडीत विचारलं, हा सोमीचं काय बोलून राह्यला? त्यानं पुन्हा विचारलं. मी काय सांगू? मी सांगितलं, "बा, हा म्हनते का कोनाचीच चूक नव्हती. चूक म्हनून काही नसतेच म्हने."

बा उठला. आयुष्यात कधी माईक धरला नव्हता, धरलाच नाई, तसाच बोलला. मोडक्या मराठीत.

"मंग सोमी कायनं मेली?"

बा सरकडे वळला.

"मी साहेबाच्या पाया पडलो. गाडी होती. गाडी तिकडंच जात होती. आमच्यात याले पाप म्हनते. तुमच्यात काय म्हनते?"

सर चष्मा पुसत राह्यले. अध्यक्षानं निवेदकाकडे पाह्यलं, अन् निवेदक लगेच म्हने, "धन्यवाद, धन्यवाद, वेळेअभावी आपण पुढच्या वक्त्यांकडे वळू या." बा ले दंडाले धरून खुर्चीवर बसवाले लागले.

तिथी माहं डोकं फिरलं. मी उठली, निवेदकाच्या हातातून माईक घेतला. म्हटलं, "वेळ हाय. बसा खाली सारे." मुख्याध्यापकाकडे बोट दाखवलं. "या मानसानं माही बहीण मारली. गाडीत जागा होती, मी डोळ्यानं पाह्यली. यानं लुगड्याले वास लागन म्हनून तिले नेलं नाई. माह्या बा नं दवाखान्यात न्या म्हटलं होतं. आमी पूजा मागितली नव्हती, आमी गाडी मागितली होती. आज बी आमचे मायबाप फाटकापाशी गाडीच मागून राह्यले, अन् तुमी त्याईले संस्कृती देऊन राह्यले!" मागून कोनी ओरडलं, बसव रे तिले. माईक बंद केला. मी बिनामाईकचीच बोलली. होस्टेलच्या पोरी मागं उभ्या झाल्या, बस तेवढंच. बा नं शाल काढली, घडी करून खुर्चीवर ठेवली, अन् आमी दोघं बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी सरनं मले विभागात बोलावलं. राग नव्हता त्याईच्या आवाजात, कीव होती. ते जास्त झोंबलं. म्हने, "तू भावनेच्या भरात बोललीस. दोष तुझा नाही. शाळेनं तुला तुझ्या संस्कृतीपासून तोडलं. चूक-बरोबर, गुन्हा, न्याय, ही तुझी भाषाच नाही. तू माफी मागून टाक, अध्यक्ष ऐकतील."

पाहा आता. माही भाषा कोनती हे बी हेच सांगनार! मले बहिनीच्या मरनाचा राग आला, तं तो राग बी बाहेरून आला म्हने. जसं का गोंडाच्या घरात मायेले लेकरू मेल्याचा राग येतच नाई. बा तं शाळेत गेला नव्हता. त्याले कोनी तोडलं? त्याले पाप कोनी शिकवलं?

मी तोंड उघडनार तेवढ्यात बाहेर गलका झाला. शिपायानं सरची स्कूटर न विचारता नेली होती, नाश्ता आनाले. येता येता पडला, आरसा फुटला, बाजूले चरा गेला. सर ताडकन उठून बाहेर गेले. केवढ्यानं ओरडले! तो मानूस इतका ओरडू शकते हे मले ठाऊक नव्हतं.

"न विचारता दुसऱ्याची गाडी? हे चूक आहे! सरळ सरळ चूक आहे! काही नीतिमत्ता आहे की नाही तुम्हा लोकांना?"

मी दारात उभी होती. म्हटलं, "असू द्या ना सर. त्याच्यात चालत असन."

सरनं माह्याकडे पाह्यलं. तोंड पांढरं पडलं. "हे वेगळं आहे," म्हने.

"काऊन वेगळं? आरसा तुमचा होता म्हनून?"

मी उत्तराले थांबली नाई. माफी मागितली नाई. होस्टेलातून नाव कापलं, कॉलेजातून काढलं. पुढं मी बाहेरून परीक्षा देत देत बीए केलं, आता गावच्या अंगनवाडीत हाय. त्याचं मले काही नाई. मले सरचा जितका राग आला तितका मुख्याध्यापकाचा बी नाई आला. मुख्याध्यापकाले ठाऊक होतं त्यानं काय केलं, म्हनून तं तो खोटं बोलला. सरनं खोटं बोलाची गरजच ठेवली नाई.

आता हे बोलनं कॉलेजातच राह्यलं नाई, सगळीकडे पसरलं. सरपंच म्हनते, ज्याचं त्याचं खरं. ठेकेदार म्हनते, प्रॅक्टिकल राहा. शिकलेले पोट्टे बी मोठ्या तोऱ्यात म्हनते, चूक काय हे ठरवनारे आपन कोन? हव का? तू कोन? ज्याचं लेकरू मेलं त्याले विचार ना तो कोन. माह्या बा पाशी काय होतं? गाडी नाई, पद नाई, वकील नाई. एकच होतं, का हे चूक हाय, अन् समोरचा कितीबी मोठा असला तरी हे चूकच हाय. तेवढं एक त्याच्या हातातून काढून घेतलं तं मागं काय राह्यते? ज्याच्या खिशात गाडीची चाबी तोच बरोबर. गरीबाले पूरं नागवाचं असन तं त्याले सांगा का चूक-बरोबर काही नसतेच. त्याची तक्रारच मरते, पोलिसाची गरजच पडत नाई.

आमच्यात बी वाईट हाय. बाईले पंचायतीत बोलू देत नाई, तिच्यावर करनीचा आळ घेते, तिले मारते. ते बी चूक हाय. आमचं हाय म्हनून ते बरोबर होत नाई. मी हे गावात बोलते, लोक मले शिव्या देते, देऊ द्या. मले माह्या लोकाईचा अभिमान हाय, म्हनूनच बोलते.

मागच्या महिन्यात मी अन् बा पोलीस ठान्यात गेलो. त्या मुख्याध्यापकाच्या नावानं तक्रार द्याले. बा आता वाकला, एका डोळ्यानं कमी दिसते. ठान्यातल्या साहेबानं सारं ऐकून घेतलं, चांगला मानूस होता, आमाले बसाले खुर्च्या दिल्या. मंग म्हने, "बाई, इतक्या वर्सांनी? साक्षीदार कोन? अन् त्यात गुन्हा बनत नाई ना."

"बनवाचं काय हाय त्यात?" मी म्हटलं. "तो झाला. तुमच्या समोर बसला तो त्या पोरीचा बाप हाय, अन् साक्षीदार मी हाय. तुमी लिहा का नका लिहू, सारी दुनिया उद्या एका तोंडानं म्हनन का काही झालंच नाई, तरी तो झाला, अन् तो गुन्हा हाय."

साहेबानं टोपी टेबलावर ठेवली. म्हने, "मी काय करू बाई, तुमीच सांगा."

"आज नका लिहू," मी म्हटलं. "सोमवारी मी पुन्हा येते. तुमची बदली झाली तं दुसऱ्यापुढं बसन. बा नाई राह्यला तं एकटी येईन. मानूस मारला त्याले मानूस मारला हेच म्हनीन, दुसरा शब्द घेनार नाई."